आंटींचे मोदक, गॅलरीतल्या विहीणबाई आणि पेगन सूनबाई

तलावपाळीकर

धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा. विषय धर्माचा आहे, तेव्हा संपादकांनी आधीच डोळे वटारले असतील. पण मला खरंच विचारायचंय.

मुलगा ब्रिस्टलला असतो. गेल्या वर्षी तिथेच रजिस्टर लग्न केलं. यंदा गणपतीला तो, सून आणि सुनेची आई असे तिघं ठाण्यात आले. सून पेगन आहे. मुलाने हा शब्द पहिल्यांदा फोनवर सांगितला तेव्हा मी 'व्हेगन' ऐकलं आणि तुपाशिवाय पुरणपोळी कशी वाढायची या चिंतेत सहा महिने काढले. (ती तूप खाते. भरपूर खाते.) पेगन म्हणजे तिकडचे ख्रिस्ताच्या आधीचे देव, झाडं, ऋतू, चंद्र, दगड मानणारी माणसं. त्यांच्यातही पंथ आहेत, ही ड्रुइडांच्या (तिकडच्या प्राचीन पुरोहितांचं नाव घेणाऱ्या) गटात जाते. वर्षाचे आठ सण, टेकडीवर जमायचं, गाणी म्हणायची, धान्य-पाव-मध अर्पण करायचं. तिची आई मात्र चर्च ऑफ इंग्लंडची, पक्की. दर रविवारी गावच्या चर्चमध्ये घंटा वाजवायला जाते. तिकडे सहा-आठ माणसं दोर धरून ठरावीक क्रमाने घंटा वाजवतात, ती एक विद्याच आहे म्हणे. मायलेकींचा एकमेकींवर जीव आहे, पण देवाचा विषय घरात निघत नाही. सात वर्षं निघालेला नाही.

आणि आमच्या शेजारच्या आंटी. ईस्ट इंडियन (म्हणजे इथलेच मराठी बोलणारे ख्रिस्ती), जन्म ठाण्यातलाच, मराठी माझ्यापेक्षा ठसकेबाज. चाळीस वर्षांचा शेजार. गणपतीत दोन दिवस आमच्या ओट्याशी उभ्या असतात, मोदकाच्या कळ्या माझ्याहून रेखीव पाडतात. पण आरतीला थांबत नाहीत आणि प्रसाद घेत नाहीत. मी नवी नवरी होते तेव्हा मला हे खटकलं होतं. सासूबाईंना कधी खटकलं नाही. नैवेद्याचं पान वाढायच्या आधी त्या अकरा मोदक एका झाकणाच्या डब्यात काढून ठेवायच्या. "हे तिचे. देवापुढे गेलेले नाहीत, म्हणजे तिला खाता येतील." आमच्याकडे नैवेद्याआधी कोणी काही चाखत नाही, भाजीत मीठ पडलंय का तेसुद्धा अंदाजाने. त्याच स्वयंपाकघरात हा डबा! सासूबाई चौथी शिकलेल्या होत्या. त्या गेल्या, डबा चालू आहे.

आता यंदाचं. आमच्या गौरी खड्यांच्या. पूर्वी विहिरीवरून आणायचो, आता विहीर बुजून तिथे पार्किंग झालंय, म्हणून सोसायटीच्या बागेतल्या नळाखालून सात खडे आणतो. आणताना बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. सून माझ्यामागून आली, एक अक्षर न बोलता. खडे तबकात ठेवून हळद-कुंकू वाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. नंतर म्हणाली, "आमच्याकडे हे सगळं तुटलं. आम्ही पुस्तकं वाचून जोडतोय. तुम्ही नळाखालून उचलून आणता!"

आणि आरती सुरू झाली तशा विहीणबाई उठून गॅलरीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

जाऊबाईंचं तोंड वाकडं. "निदान हात तरी जोडायचे. पाहुण्या म्हणून आल्यात ना?" मुलगा म्हणाला, "आई, तू समजाव ना त्यांना. सगळे देव शेवटी एकच." मी समजावलं नाही. आत जाऊन दुसरा एक डबा काढला, त्यात पाच मोदक ठेवले आणि मग नैवेद्य दाखवला. झालं! जाऊबाई म्हणतात, घरच्या व्याह्यांना शेजारणीच्या रांगेत बसवलंस. मुलगा म्हणतो, तू भिंत पक्की केलीस.

सांगा, चुकले का मी?

---

खारी_बटर

रुमाल टाकतेय (जागा धरून ठेवतेय). व्हेगनवर फुटले.

---

नेरूळचा_नाका

ताई, सूनबाईंना आमच्याकडे जत्रेला पाठवा. आम्ही आगरी. नवी मुंबई वसवायला सिडको १९७० साली आली, भातशेती गेली, मिठागरं गेली, सेक्टरला नंबर पडले, पण गावदेवी होती तिथेच आहे. शेंदूर फासलेला दगड, वर पत्रा, आता ग्रॅनाइट. धर्म कोण विचारत नाही. मटण मात्र खावं लागेल.

विहीणबाईंना गॅलरीत खुर्ची दिलीत का? मग झालं की.

---

पोथी_आणि_पुरावा

नेरूळकरांनी गावदेवी काढलीच आहे म्हणून. 'पेगन' शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या 'पागुस'मध्ये, म्हणजे खेड्यांचा मुलूख. पागानुस म्हणजे खेडवळ. चौथ्या शतकात रोमन शहरांतले ख्रिस्ती लोक, अजून जुने देव धरून बसलेल्यांना हिणवायला तो वापरायला लागले. (सैन्यात नसलेला तो पागानुस, म्हणून ख्रिस्ताच्या सैन्यात नसलेला, अशीही एक व्युत्पत्ती देतात.) म्हणजे ठाण्याच्या गावदेवी मैदानात उभं राहून कोणी 'पेगन' म्हटलं तर ते शब्दशः बरोबर आहे.

पण एक लक्षात घ्या. सत्ता आली तशी दोन्ही बाजूंनी सारखीच वापरली. इ.स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला पत्र लिहून विचारतो, की ख्रिस्ती म्हणून पकडून आणलेल्यांचं करू काय? त्याची पद्धत अशी, की सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस ठेवायला सांगायचं, ख्रिस्ताला शिव्या द्यायला लावायच्या. करतील त्यांना सोडायचं, अडून बसतील त्यांना ठार करायचं. ट्रेजनचं उत्तर त्यातल्या त्यात मवाळ आहे, मुद्दाम शोधत फिरू नका म्हणाला. पुढे ३०३ मध्ये डायोक्लेशियनने चर्चेस पाडली. मग ३१३ मध्ये सगळ्यांनाच मोकळीक मिळाली. ३८० मध्ये थिओडोसियसने ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा केला, आणि ३९१ पासून जुन्या देवळांत यज्ञ करणं, जाणं, सगळं बंद. आधी एका बाजूला चिमूटभर धूप न टाकल्याबद्दल मारलं, मग दुसऱ्या बाजूला टाकल्याबद्दल शिक्षा.

या सगळ्यात मला एक माणूस फार आवडतो. सिमाकस, रोमचा नगरप्रमुख, जुन्या देवांचा. सिनेट सभागृहातली विजयदेवीची वेदी हलवली होती, ती परत ठेवा असा अर्ज त्याने ३८४ मध्ये सम्राटाकडे केला. त्यात म्हणतो, आपण सारे त्याच ताऱ्यांकडे बघतो, आभाळ सगळ्यांचं एकच, आणि एवढ्या मोठ्या गूढापाशी एकाच वाटेने पोहोचता येणार नाही. मिलानचा बिशप अँब्रोझ याने अर्ज हाणून पाडला. त्या अर्जाने वेदी काही परत आली नाही.

---

घणाघात

वा! म्हणजे आता चर्चवाल्यांकडून सहिष्णुता शिकायची. गोव्यात १५६० ते १८१२ इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) होतं ते कोणी चालवलं? साष्टीतली देवळं कोणी पाडली? तुमच्या त्या आंटींचे पूर्वज काय आभाळातून ख्रिस्ती होऊन पडले? आणि त्यांना वेगळे मोदक. आपण असेच मऊ, म्हणून...

---

तलावपाळीकर

@घणाघात, मोदक मऊच असावेत. कडक झाले तर उकड चुकली.

---

बॉटल_मसाला

मी ईस्ट इंडियन आहे, म्हणून दोन शब्द. @घणाघात, देवळं पाडली हे खरं आहे. आमच्या पूर्वजांना काय काय सांगून, भीती घालून, काय देऊन ख्रिस्ती केलं हे आम्हालाही माहीत आहे. आमची आजी पोर्तुगीजांना शिव्या घालायची आणि जपमाळही ओढायची. 'ईस्ट इंडियन' हे नाव तर १८८७ चं, व्हिक्टोरिया राणीच्या जुबिलीच्या वेळचं. त्याआधी आम्ही इथलेच कोळी, भंडारी, कुणबी होतो. अजूनही आहोत. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून 'उंबराचं पाणी' आणतो. उंबर बायबलात नाही हो.

आता मोदकांचं. तलावपाळीकर, तुमच्या सासूबाईंनी जे केलं ना, त्यावर आमच्या धर्मात दोन हजार वर्षांपूर्वीची चर्चा आहे. संत पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं पहिलं पत्र, आठवा आणि दहावा अध्याय. प्रश्न हाच, की मूर्तीला दाखवलेलं अन्न खावं की नाही? करिंथमध्ये सगळीकडे देवळं, बाजारातलं मटण बऱ्याचदा देवळातून आलेलं, शेजारी जेवायला बोलावणार, मग करायचं काय? पौलाचं उत्तर गमतीदार आहे. म्हणतो, मूर्ती काही नाही, अन्नाने आपण देवाजवळ जात नाही की लांब जात नाही. बाजारात मिळतं ते खा, विचारत बसू नका. कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, विचारू नका. पण समोरच्याने सांगितलं की 'हे देवाला दाखवलेलं आहे', तर खाऊ नका. का? तर सांगणाऱ्यासाठी. आणि आपलं बघून ज्याचा गोंधळ उडेल त्या आपल्यातल्या कच्च्या माणसासाठी.

सगळेच ख्रिस्ती असं पाळतात असं नाही. माझा नवरा गणपतीत पाच घरचे मोदक हाणतो, मी नाही खात. आमच्या घरात यावरून भांडणं झालीत.

पण चाळीस वर्षं कोणी न सांगता बाजूला काढून ठेवतंय, हे वाचून मी जरा उठून पाणी पिऊन आले.

---

साहेबाच्या_देशात

मी इंग्लंडात वीस वर्षं आहे, म्हणून तिकडची बाजू. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ७४,००० लोकांनी धर्म 'पेगन' लिहिला, शिवाय १३,००० नी 'विक्का' (पेगनांतलाच चेटूक मानणारा पंथ). त्याच जनगणनेत ख्रिस्ती पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली गेले, ४६.२ टक्के. २०११ मध्ये ५९.३ होते. तुमच्या विहीणबाईंच्या घंटेच्या दोराला हात कमी पडत असतील तर त्याचं कारण हे. चर्च सोडून जाणारे बहुतेक लोक दुसरीकडे कुठेच जात नाहीत हो, नुसते जातात. सूनबाई निदान टेकडीवर तरी गेल्या.

चेटूक-बिटूक म्हणून कोणी घाबरत असेल तर, १७३५ चा जादूटोण्याचा कायदा तिकडे १९५१ मध्ये रद्द झाला. त्यानंतरच जेराल्ड गार्डनर नावाच्या निवृत्त कस्टमवाल्याने विक्काबद्दल उघडपणे लिहिलं, १९५४ मध्ये. मलायात नोकरी केलेला माणूस. तो सांगायचा की ही परंपरा प्राचीन आहे, अभ्यासक म्हणतात की बरीचशी त्याच्याच काळात जुळवलेली. ते आठ सणांचं चक्रही १९५० च्या दशकातलंच. स्टोनहेंज, ते प्रचंड दगडांचं वर्तुळ, तेसुद्धा ड्रुइडांच्या दोनेक हजार वर्षं आधीचं. सूनबाईंना सांगू नका, वाईट वाटेल.

---

पोथी_आणि_पुरावा

सार्वजनिक गणपती १८९३ चा. म्हणून काय तो खोटा?

---

साहेबाच्या_देशात

मान्य. मुकाट बसतो.

---

झिरो_देव

एक दगड मानतो, एक लाकूड मानतो, तिसरी गॅलरीत बसते. मोदक मला पाठवा, मी आधीचे, नंतरचे, पडलेले सगळे खातो.

खरा प्रश्न: २०१३ च्या आपल्या जादूटोणाविरोधी कायद्यात ही विक्का वगैरे मंडळी बसतात का?

---

पोथी_आणि_पुरावा

नाही. त्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत ठरावीक अघोरी कृत्यं दिली आहेत. भूत उतरवतो म्हणून मारहाण, चमत्काराच्या नावाने फसवणूक अशी. पूजा, जत्रा, वारी यांना त्यात हात लावलेला नाही. टेकडीवर मध सांडल्याने काही होत नाही, मुंग्या येतात.

---

तलावपाळीकर

सगळ्यांचे आभार. बॉटल_मसाला, तो अध्याय मी आंटींना विचारला. त्या म्हणाल्या, "मना अध्याय-बिध्याय नाय ठाव, आमची आय सांगायची." म्हणजे दोन्हीकडे सासू-आईच.

एक प्रसंग लिहायचा राहिला होता, तो आता लिहिते, कारण मुलाच्या 'सगळे देव एकच'वर माझं जे म्हणणं आहे ते तिथे पक्कं झालं.

आंटींनी दोघींना वांद्र्याला मोतमाउलीला (माउंट मेरी चर्चला) नेलं, मीही गेले. सप्टेंबरातली जत्रा, तुम्हाला गर्दी माहीत आहे. बाहेर मेणाचे हात, पाय, डोळे, घरं, विमानं विकायला. ज्याचं दुखतं त्याने तो अवयव माउलीला वाहायचा, घर हवं त्याने घर. विहीणबाई ते बघून गोंधळल्या. त्यांच्या चर्चमध्ये असलं काही नसतं. हळूच मला म्हणाल्या, "हे तर तुमच्या घरच्यासारखंच आहे." मला हसू आलं. गणपतीपासून गॅलरीत पळालेली बाई स्वतःच्या धर्माच्या देवळात येऊन पुन्हा गॅलरी शोधत होती!

आणि सून हरखलेली. मेणाचा पाय हातात घेऊन म्हणाली, "ही तर आमचीच पद्धत. रोमन देवळांत असेच मातीचे अवयव वाहायचे. ही पेगन देवी आहे, वरून फक्त मेरीचा झगा घातलाय."

आंटींना इंग्रजी चांगलं कळतं. त्यांचा चेहरा असा उतरलेला मी चाळीस वर्षांत दोनदाच पाहिलाय. म्हणाल्या, "पोरी, तुझे देव तुला लखलाभ. माझ्या माउलीला तुझ्या नावावर लावू नको." आणि मेणबत्त्या घेऊन एकट्याच पायऱ्या चढून गेल्या.

सुनेला कळेना काय चुकलं. तिने तर कौतुक केलं होतं! मला मात्र लगेच कळलं, कारण त्याआधी तिने माझ्या गौरीला 'तीच आदिमाता, जगभर सगळीकडे तीच' म्हटलं होतं, तेव्हा माझ्याही पोटात असंच काहीतरी झालं होतं. अगं बाई, ही माझी गौर आहे. माझ्या सासूची, तिच्या सासूची. तीन दिवस माहेरी येते, घावनघाटलं खाते, जाते. तिला जगभर कुठे पाठवतेस?

ज्याला सगळं एकच वाटतं त्याला वाटतं की आपण उदार झालो. समोरच्याला वाटतं, आपलं काहीतरी उचलून नेलं.

---

नेरूळचा_नाका

ताई हे एकदम बरोबर. आमच्या गावदेवीला कोणीतरी येऊन 'ही अमुक देवीचंच रूप' म्हणून पाटी लावली. म्हातारे म्हणाले, आमच्या बयेला दुसऱ्या कोणाच्या ओळखीची गरज नाय. पाटी अजून आहे. वाचत कोणी नाय.

---

पोथी_आणि_पुरावा

ऐतिहासिकदृष्ट्या सूनबाई अगदीच चूक नाहीत, हे नोंदवून ठेवतो. पोप ग्रेगरीचं ६०१ सालचं पत्र आहे, इंग्लंडच्या वाटेवर असलेल्या मेलिटसला लिहिलेलं. म्हणतो, तिथली देवळं पाडू नका. मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, तिथेच चर्च करा, म्हणजे लोक सवयीच्या जागी येतील. बैल कापायची सवय आहे ना, तर चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालून संतांच्या दिवशी कापू देत. अगदी जत्रेचा तंबू. उलट ७८२ मध्ये फ्रँकांचा ख्रिस्ती राजा शार्लमेनने व्हेर्डनला जुन्या देवांचे साडेचार हजार सॅक्सन मारले असं त्याच्याच दरबारच्या बखरी सांगतात. दोन्ही वाटा ख्रिस्ती राजवटींच्याच.

आपल्याकडचंही आहे. वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा भीमाशंकर, नाशिकचं नारोशंकर, मेणवली इथे जाऊन टांगल्या गेल्या. आपण तिथे जाऊन घंटा वाजवतो आणि म्हणतो, वा, काय समन्वय. वसईच्या माणसाला विचारा, त्याला काय वाटतं.

---

घणाघात

ती लूट नव्हती, विजयचिन्ह होतं.

---

बॉटल_मसाला

हो ना. आणि आमची सासरची मंडळी नाशिकला गेली की ती घंटा बघायला जातातच. वाजवतात पण. आवाज चांगला आहे.

तलावपाळीकर, मला दुसरंच विचारायचंय. आंटींचा आणि तुमचा प्रश्न तसा सोपा आहे, रागावू नका. तुमचा गणपती आंटींना पहिल्यापासून परका. त्यांचं तुमच्यामुळे काही गेलेलं नाही. पण सूनबाई आईसाठी परक्या नाहीत, सोडून गेलेल्या आहेत. त्यांचा बाप्तिस्मा झाला असणार. त्या पोरीला हातात धरून आई वेदीपुढे उभी राहिली असणार. आरतीला त्या गॅलरीत गेल्या त्या गणपतीमुळे असं मला नाही वाटत. खड्यांपुढे लेक रडली, आणि चर्चमध्ये ती अशी कधी रडली नव्हती, हे बघवलं नसेल.

तुमच्या घरातलं कोणी असं उठून गेलं असतं तर डबा काढला असता का?

---

खारी_बटर

बाप रे.

---

तलावपाळीकर

दोन दिवस उत्तर दिलं नाही. विसर्जन होतं, असं सांगू शकते, पण ते कारण नाही.

माझी मामेबहीण वाशीला असते. नऊ वर्षांपूर्वी तिने बाप्तिस्मा घेतला. लग्नासाठी वगैरे नाही, लग्न तर होऊन वीस वर्षं झाली होती. तिला वाटलं, तिने घेतला. आम्ही कोणी भांडलो नाही. कोणी वाईट बोललं नाही. फक्त गौरीजेवणाला तिला बोलावणं जायचं थांबलं. कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्या वर्षी मला वाटलं, तिलाच अवघड होईल. दुसऱ्या वर्षी वाटलं, गेल्या वर्षी बोलावलं नाही, आता काय तोंडाने बोलावू. मग सवय झाली. लहानपणी आमच्या मामाकडे खडे आणायला आम्ही दोघीच जायचो. बोलायचं नाही म्हणून ओठ दाबून हसत.

शेजारणीसाठी अकरा मोदक. हिच्यासाठी एक नाही.

विसर्जनाचं लिहिते. मासुंदा तलावाजवळच्या कृत्रिम तलावाशी रांग होती, गणपती मुलाकडे, खड्यांचं तबक सुनेकडे. आंटी विहीणबाईंना घेऊन समोर सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चला संध्याकाळच्या मिस्साला गेल्या होत्या. ते संपवून दोघी चालत आल्या आणि रांगेत आमच्या शेजारी उभ्या राहिल्या. पाऊस आला. विहीणबाईंनी छत्री उघडली आणि लेकीच्या डोक्यावर धरली. तबकावर धरली असं जाऊबाईंचं म्हणणं. आरती म्हटली तेव्हा त्या गप्प होत्या, पण जागच्या हलल्या नाहीत. गर्दीत हलायला जागाही नव्हती म्हणा.

परत येताना मायलेकी आमच्या दहा पावलं मागे होत्या आणि बोलत होत्या. काय ते मला माहीत नाही. सात वर्षांतलं थोडं निघालं असेल किंवा पावसाबद्दल असेल. इंग्रज लोक पावसाबद्दलही फार वेळ बोलतात.

---

संपादक_मंडळ

@घणाघात यांचे तीन प्रतिसाद काढले आहेत. घंटांवर वेगळा धागा काढावा.

---

साहेबाच्या_देशात

ताई, एक गोष्ट आठवली. आइसलँडमध्ये इ.स. १००० च्या सुमाराला जुने देववाले आणि ख्रिस्ती यांची लढाई व्हायची वेळ आली होती. निवाडा करायला थोरगेयर नावाच्या माणसाला नेमलं. तो स्वतः जुन्या देवांचा. एक दिवस एक रात्र पांघरुणाखाली पडून राहिला, कोणाशी बोलला नाही. उठून म्हणाला, कायदा एकच राहील, सगळे ख्रिस्ती होऊया, पण कोणी घरात गुपचूप जुन्या देवांना काही वाहिलं तर त्याला शिक्षा नको. काही वर्षांनी ती सवलत काढून घेतली, तो भाग वेगळा. १९७३ मध्ये तिथल्या सरकारने जुन्या देवांच्या पंथाला पुन्हा मान्यता दिली.

तुम्ही दोन दिवस पांघरुणाखाली होता म्हणून आठवलं.

---

तलावपाळीकर

शेवटचं लिहिते, मग धागा खाली जाऊ दे.

मंडळी परत गेली. विहीणबाईंनी रिकामा डबा धुऊन, आत लवंगा घालून ठेवलाय, वास जावा म्हणून. स्टीलचा आहे, वास लागत नाही, पण राहू दे.

काल ठाण्याहून वाशीची लोकल पकडली. फोन करून गेले. तिने दार उघडलं, दोघींनाही काय बोलावं कळेना. घरात येशूची तसबीर आणि शेजारी माझ्या मामा-मामींचा फोटो, हार घातलेला. चहा झाला. मी पिशवीतून मोदकांचा डबा काढून टेबलावर ठेवला.

ती डब्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "आधीचे की नंतरचे?"

म्हणजे तिला आंटींचा डबा आठवत होता. माझ्या लग्नानंतर सुट्टीत आमच्याकडे राहायची ना. आणि मी, सगळा धागा लिहून झाल्यावरही, याचा विचार न करता निघाले होते.

मी म्हटलं, "विकतचे आहेत. गावदेवी मैदानाजवळून घेतले, उशीर होत होता."

तिने दोन खाल्ले. एक मुलासाठी झाकून ठेवला.

---

बॉटल_मसाला

दुकानदाराला काही विचारलं नाहीत ना?

---

तलावपाळीकर

नाही.

---

बॉटल_मसाला

दहावा अध्याय. :)

---

खारी_बटर

ते सगळं ठीक आहे, पण दुकान कुठलं? उकडीचे होते की तळणीचे?

---

तलावपाळीकर

उकडीचे. दुकानाचा व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.